आमसुली संघाचा सहा नंबर

मडगावचा इनास फोनवर म्हणाला,
आठ संघ आहेत, आठही वेगवेगळ्या बेटांवरचे,
प्रत्येकी बावीस शर्ट,
आणि नावं नीट लिही बाई, मागच्या खेपेसारखं नको.

मी वडगावात राहते. यंत्रमाग विकला त्या जागी
आता नंबर छापायचं मशीन आहे,
इस्त्रीसारखंच, फक्त जास्त तापट.
समुद्र एकदाच बघितलाय, कारवारला, बसच्या खिडकीतून.

क्लबांची नावं जिभेवर बसेनात
म्हणून रंगांवरून हाका मारायला लागले:
हळदी, मोरचूद, विटकरी, शेवाळी…
आणि आमसुली.
त्यांच्या बेटावर एकच पेट्रोल पंप आहे म्हणे,
गोलकीपर तिथंच कामाला.

आमसुली गठ्ठा चालू होता आणि वीज गेली.
ती आली तेव्हा घाईत सहाचा आकडा उलटा ठेवला.
कळलं तोवर कुरिअर गेलं होतं.
एका संघात दोन नऊ.
कुणाला बोलले नाही.

तिथं संध्याकाळ, इथं पहाटेचे साडेचार,
आमच्या नळाला पाणी यायची तीच वेळ.
एका हातात पाईप, दुसऱ्या हातात भाच्याचा फोन.
पहिल्या सामन्याला बोट उशिरा पोचली,
आमसुली पोरं बोटीतच कपडे बदलून उतरली,
चार शून्यानं हरली.
दुसऱ्या सामन्याला मैदानावरचे दिवे गेले.
(त्यांच्याकडंही जातात. जरा बरं वाटलं.)

आणि तो दिसला. उंच, खांदे पडलेले,
पाठीवरच्या नऊच्या डोक्यावर पांढरी चिकटपट्टी,
म्हणजे हा उलटा वाचा, हा सहा.
भरमा म्हणाला, "आत्ती, ह्याच्या पाठीवर काय झालंय गं?"
मी म्हटलं, "घागर सरकव, वाहूलीय."

एप्रिलमध्ये कसेबसे सावरले.
शेवटच्या साखळी सामन्यात एक गोल पुढं,
दोन मिनिटं उरलेली,
गोलकीपर आडवा, चेंडू निवांत रांगत जाळ्याकडं निघालेला,
आणि सहा नंबर घसरत आला, अख्ख्या अंगानं,
रेषेवरून चेंडू खरवडून काढला.
पलीकडचे ओरडत धावले. पंचाचं निशाण खालीच.

कॅम्पात बस्त्याव राहतो, चाळीस वर्षं
मैदानावर फक्की मारतो.
त्याला जाऊन विचारलं, चेंडू रेषेवर असला तर कुणाचा?
डबा खाली न ठेवता म्हणाला,
"रेष मैदानाचीच असतीय की.
अख्खा पलीकडं जाईस्तोवर आतलाच."

येताना पाट्या वाचत आले.
एका पाटीवर एका लिपीला डांबर फासलेलं,
पुढच्या चौकात दुसरीला.
चिंचेची चटणी घ्यायची होती, ती विसरले.

उपांत्य फेरीत पेनल्टीवर गेले.
सहानं मारलीच नाही, तो मध्यावर
पाठ करून बसला होता; पट्टी अर्धी सुटून लोंबत होती.
कप हळदीनं नेला. नेऊ दे.

यंदा इनासचा फोन आला: सातच संघ.
बोटीचं डिझेल परवडत नाही म्हणून आमसुली नाहीत.
कापड मी आधीच रंगवून आणलेलं.

ते कापून इथल्या पोरांना शर्ट शिवले,
रविवारी खानापूरशी सामना आहे त्यांचा.
पैसे नंतर देतो म्हणाले, म्हणजे देणार नाहीत.
"आकडे कुठले घालू? कन्नड, इंग्रजी, आपले?"
पोरं एकमेकांकडं बघायला लागली.
मग त्यातला बुटका म्हणाला, "कुठले बी घाल मावशी,
दस्तगीर सर रेफ्री आहेत, त्यांना तिन्ही येतात."

सहाचा आकडा काढला.
सरळ धरला. फिरवून बघितला. परत सरळ धरला.
तसाच हातात घेऊन बसलेय.
मशीन तापायला वेळ लागतो.